पोकळ मुठीचे औचित्य : सर्व्हायव्हल चाकूच्या रचनेची समीक्षा

प्रस्तावना

वस्तूंची समीक्षा हा मराठी समीक्षेचा रुळलेला प्रांत नाही. कविता, कादंबरी, नाटक वा चित्रपट यांचे मूल्यमापन करताना आपण आशय आणि रूपबंध यांचा संबंध तपासतो. परंतु हाताने घडवलेल्या उपयुक्त वस्तूलाही आशय असतो आणि तिच्या रूपामागे माणसाच्या जगण्याविषयीची काही गृहीतके असतात, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार केला आहे. ही वस्तू म्हणजे रानात, संकटकाळी तगून राहण्यासाठी घडवला जाणारा चाकू होय. इंग्रजीत त्यास ‘सर्व्हायव्हल नाइफ’ म्हणतात.

या चाकूचे सर्वांत प्रसिद्ध रूप १९८२ साली टेड कॉचेफ दिग्दर्शित ‘फर्स्ट ब्लड’ या अमेरिकन चित्रपटातून जगापुढे आले. आर्कान्सा राज्यातील कारागीर जिमी लाइल यांनी तो चाकू घडवला होता. नऊ इंचांचे पाते, पाठीवर करवतीसारखे दाते, दोरी गुंडाळलेली पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र आणि आत आगकाड्या, सुई-दोरा यांसारखे साहित्य, असे त्याचे स्वरूप होते. हे रूप आपल्या उद्दिष्टाशी कितपत प्रामाणिक आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

समीक्षेचा निकष

या परीक्षणासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील औचित्य ही संकल्पना उपयुक्त ठरते. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र यांनी औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी असेल तरच तो अलंकार ठरतो. कमरेची मेखला गळ्यात घातली तर ती शोभा न देता हसे करते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. हा निकष वस्तूला लावताना दोन प्रश्न विचारावे लागतात. प्रत्येक घटक आपल्या कार्याच्या जागी आहे काय? आणि एका घटकासाठी दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या घटकाचा बळी दिला गेला आहे काय?

कामातून आलेले रूप

तुलनेसाठी प्रथम एक जुनी परंपरा पाहू. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांनी ‘नेसमुक’ या टोपणनावाने १८८४ साली ‘वुडक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच हत्याराने सर्व कामे करण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. लहान कुऱ्हाड, म्यानातला पातळ पात्याचा चाकू आणि खिशातला मिटवता येणारा चाकू अशी कामाची वाटणी त्यांनी केली होती. होरेस केफार्ट यांच्या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच दृष्टी पुढे गेलेली दिसते. त्यांनी पसंत केलेला चाकू एका गावठी लोहाराने घडवला होता. पाते साडेचार इंच, मूठ तेवढीच लांब, पाठीची जाडी इंचाचा आठवा भाग आणि पात्याचेच पोलाद मुठीतून पुढे नेऊन रिव्हेटने पक्के केलेले, अशी ही रचना होती.

यातील सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे पोलादाला दिलेले पाणी. ओले कठीण लाकूड कापण्याइतकी धार कडक हवी. परंतु गाठीवर वा हाडावर आदळल्यास ती तुटण्याऐवजी वळावी, अशी केफार्ट यांची अपेक्षा होती. वळलेली धार दगडावर घासून सरळ करता येते, तुटलेली धार रानात दुरुस्त होत नाही. म्हणजे चूक होणार हे येथे गृहीत धरले आहे आणि ती दुरुस्त करण्याची सोय पोलादाच्या स्वभावातच ठेवली आहे. हा चाकू दिसायला अनाकर्षक आहे, हे केफार्ट यांनी स्वतःच नमूद केले होते. औचित्याच्या दृष्टीने पाहता मात्र त्यात अनावश्यक असे काहीच नाही.

पोकळ मुठीचा उगम

पोकळ मुठीचा चाकू केवळ चित्रपटाच्या कल्पनेतून जन्मला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथील रँडल यांच्या कारखान्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६० च्या दशकात, असा चाकू सिद्ध केला होता. त्याच्या पाठीवरील दात्यांमागे निश्चित कारण होते. कोसळलेल्या विमानात वा हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या माणसाला ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा फाडून बाहेर पडता यावे, हा त्यामागचा हेतू होता. अशा माणसाजवळ दुसरे काहीच उरले नसण्याची शक्यता असल्याने मुठीत थोडे साहित्य ठेवण्याची कल्पनाही त्या परिस्थितीत तर्कसंगत होती.

प्रश्न निर्माण होतो तो हे रूप आपल्या परिस्थितीतून बाहेर पडते तेव्हा. ‘फर्स्ट ब्लड’च्या कथेत विमान नाही, आहे ते जंगल. पत्र्यासाठी योजलेले आखूड, जाड दाते लाकडात अडकतात. खऱ्या करवतीचे दाते आळीपाळीने दोन्ही बाजूंना किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे भुसा बाहेर पडतो आणि पाते मोकळे फिरते. चाकूच्या जाड पाठीवर हे साधत नाही. शिवाय लाकूड फोडताना पाठीवर ओंडक्याचे ठोके द्यावे लागतात. पाठीवर दाते असले की ती सपाट जागाही नाहीशी होते. मेखला गळ्यात गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये.

बलाची जागा आणि पोकळी

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. चाकूच्या टोकाने काही उचकटताना वा पात्यावर ठोके देताना वाकवणारे बल पाते आणि मूठ यांच्या सांध्यापाशी सर्वाधिक होते. नेमक्या याच ठिकाणी पोकळ मुठीच्या नेहमीच्या रचनेत सलग पोलाद संपते. पात्याचा आखूड तुकडा नळीत बसवून तेथेच जोडलेला असतो. पात्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट होतो, हे स्थापत्य वा यंत्र अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना सांगण्याची गरज नाही. परंतु त्या वाढीव बळाचा शेवट दुबळ्या सांध्यात होत असेल, तर जाड पाते केवळ बळाचा आभास निर्माण करते. वाढलेल्या जाडीमुळे कापण्याचे काम मात्र निश्चितपणे जड होते.

याशिवाय गोल नळी हातात फिरते. अंधारात वा ओल्या हाताने धार कोणत्या बाजूस आहे, हे तळव्याला कळत नाही. अंडाकृती लाकडी मूठ ते न पाहता सांगते. पोलादी पात्याच्या सान्निध्यात होकायंत्राची सुई विचलित होऊ शकते, हीही अडचण आहेच.

या आक्षेपांना कारागिरांकडून गंभीर उत्तरेही मिळाली आहेत. मूळ दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस रीव्ह यांनी १९८० च्या दशकात पाते आणि पोकळ मूठ एकाच पोलादी दांड्यातून काढली आणि सांध्याचा प्रश्नच निकालात काढला. लाइल यांच्याही कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि उत्तम कारागिरीने एका कल्पनेतील दोष झाकला वा दूर केला, तरी ती कल्पना मुळात कशासाठी स्वीकारली, हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘हस्तनिर्मित’ हे विशेषण निर्मितीची पद्धत सांगते. रचनेचे समर्थन करीत नाही.

कादंबरीतून चित्रपटाकडे

या प्रश्नाचे उत्तर कथेत सापडते. हा चित्रपट डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीतील रॅम्बो कोठडीतून विवस्त्र अवस्थेत पळतो. कपडे आणि बंदूक त्याला रानात चोरून दारू गाळणारा एक म्हातारा आणि त्याचा मुलगा यांच्याकडून मिळतात. म्हणजे मूळ कथेत तगून राहण्याची पहिली पायरी दुसऱ्या माणसाची मदत ही आहे. चित्रपटात हा प्रसंग नाही. तेथे रॅम्बो पळताना आपला चाकू उचलतो, रानात पडलेले फाटके कापड कापून अंगावर घेतो आणि मुठीतील सुई-दोऱ्याने स्वतःची जखम स्वतःच शिवतो. म्हातारा आणि मुलगा यांची जागा पोकळ मुठीने घेतली आहे.

या रूपांतरात या चाकूचा खरा आशय दडलेला आहे. ज्याचे कोणीही नाही आणि ज्याला कोणाचीही गरज पडू नये, अशा माणसासाठी तो घडवला आहे. युद्धावरून परतलेल्या, समाजाने नाकारलेल्या सैनिकाचे प्रतीक म्हणून तो विलक्षण प्रभावी आहे, हे मान्य करावे लागते. चित्रपटातील वस्तूने प्रतीक व्हावे, यात वावगे काही नाही. परंतु चित्रपटानंतर याच रूपाच्या असंख्य स्वस्त नकला प्रत्यक्ष वापराचे साधन म्हणून विकल्या गेल्या आणि प्रतीकाला हत्यार समजण्याची गल्लत रूढ झाली. रूपकावर विसंबून रानात जाणाऱ्या माणसाला तिची किंमत मोजावी लागू शकते.

२००८ च्या ‘रॅम्बो’ या चित्रपटात नायक स्वतःच ऐरणीवर पाते घडवतो. ते जाड, ओबडधोबड, सलग पोलादाचे असून त्यात पोकळ मूठ नाही, दातेही नाहीत. चित्रपटाचा हेतू हिंसेचाच असला, तरी रचनेपुरते बोलायचे तर या चित्रपटमालेने आपल्याच प्रतीकाचे हे केलेले परीक्षण म्हणता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, सर्व्हायव्हल चाकूतील दाते आणि पोकळ मूठ हे घटक विशिष्ट परिस्थितीत उचित होते. ती परिस्थिती बदलताच त्यांचे औचित्य संपले. दोन, मुठीतील पोकळी मिळवण्यासाठी बलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या जागेचा बळी दिला गेला. तीन, केफार्ट यांचा चाकू रोजच्या कामाची कल्पना करतो, तर लाइल यांचा चाकू संपूर्ण एकटेपणाची. आणि दोघांच्या रूपांतील फरक हा अखेर माणसाविषयीच्या दोन भूमिकांतील फरक आहे.

आपल्याकडील विळा, कोयता, कुऱ्हाड ही हत्यारे संग्रहालयाच्या काचेआड जाण्यापूर्वी त्यांच्या रूपाचेही असे वाचन व्हावयास हवे. ते एकट्या मराठी विभागाचे काम नाही. पोलादाचे पाणी जाणणारा लोहार, बलाचे गणित मांडणारा अभियंता आणि कथेचा आशय उलगडणारा समीक्षक यांना त्यासाठी एका मेजाभोवती बसावे लागेल.