दंतकथेतले पिस्तूल

अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावरच्या प्रचंड तोफेस लोक नौगजी म्हणतात. नऊ हा आकडा नावातच बसलेला असल्यामुळे तिची खरी लांबी विचारण्याचे कोणास सुचत नाही. शिवाय गज म्हणजे कोणता गज? अकबराचा इलाही गज सुमारे ३३ इंचांचा, इंग्रजी वार ३६ इंचांचा. नऊ गजांत एवढ्यानेच २७ इंचांचा फरक पडतो. शस्त्राचे नाव एकदा लोकांच्या तोंडी बसले म्हणजे मोजपट्टी निरुपयोगी होते, असा हा प्रकार आहे. तो केवळ आपल्या वऱ्हाडातच घडतो असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या नव्या देशात, छापखान्याच्या भर उजेडात तो कसा घडला, हे पाहण्यासाठी स्टुअर्ट लेक याचे वायट अर्प या सरहद्दीवरील शांतिरक्षकाचे १९३१ सालचे चरित्र आम्ही मुद्दाम वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लेकची कथा अशी. १८७६ साली नेड बंटलाइन या टोपणनावाने भडक कादंबऱ्या लिहिणारा एडवर्ड जडसन डॉज सिटी गावी आला आणि आपणास कथांचे साहित्य पुरविल्याबद्दल त्याने अर्प व त्याचे चार सहकारी यांस एकेक खास रिव्हॉल्व्हर नजर केले. कोल्ट कारखान्याच्या घोडदळी रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंचांची असे. या पिस्तुलांची पूर्ण बारा इंचांची. वर खांद्यास टेकविण्यासाठी काढघाल करता येणारा लाकडी दस्ता. चित्र मोठे नामी आहे. वाचक पान उलटतो तो त्या लांब नळीची झळाळी डोळ्यांत घेऊनच.

परंतु कोल्ट कारखान्याच्या दप्तरात अशा मागणीची नोंद सापडत नाही. ज्यांना ही देणगी मिळाली म्हणतात त्यांच्यातील काहीजण त्या साली अद्याप शांतिरक्षक झालेलेही नव्हते. सर्वांत बोलका पुरावा खुद्द नायकाचाच आहे. टूमस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी जी चकमक झाली, तिच्यानंतरच्या चौकशीत अर्पने आपले पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होते असे सांगितले. बारा इंचांची नळी आणि तिच्यामागे चक्री व मूठ, असे हत्यार कोणत्या शिंप्याने शिवलेल्या खिशात मावेल, याचा विचार वाचकांनीच करावा. चकमक आटोपली अर्ध्या मिनिटात, अवघ्या काही पावलांच्या अंतरावर. तेथे लांब नळी म्हणजे सोय नव्हे, अडचणच.

अर्प १९२९ साली वारला, म्हणजे पुस्तक त्याच्या मागे निघाले. त्याच्या तोंडी घातलेली लांबलचक भाषणे आपण स्वतःच रचली, हे लेकने पुढे मान्य केले. कादंबरीकाराने हे केले असते तर आमची तक्रार नव्हती. चरित्रकार मात्र वाचकाशी वेगळा करार करून लेखणी उचलतो. दुःखाची गोष्ट ही की, या पुस्तकाची उत्तम पाने तीच आहेत जेथे गोळी सुटत नाही. दारूबाज गुंडाच्या डोक्यावर पिस्तुलाच्या नळीचा तडाखा देऊन, जीव न घेता त्यास कोठडीत नेण्याची अर्पची रीत होती. तिच्यात धैर्य आहे, संयम आहे. या माणसास अद्भुत हत्याराची गरज नव्हती. गरज लेकला होती. आणि ते हाती येताच वाचकाची नजर माणसावरून उडून पोलादावर खिळते.

याच कारणाने आमच्याकडील दुर्गवर्णनांविषयी आम्हांस दोन शब्द बोलावेसे वाटतात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत मराठ्यांच्या ३८ तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. तोफांची वाण होती म्हणून ती लढाई गेली असे म्हणता येत नाही. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रजांनी डोंगरातून वाट फोडून, अवजड तोफा ओढून नेऊन उत्तरेकडे मोर्चे बांधले आणि बाहेरचा तट फोडला, हे खरे. पण आतला किल्ला तोफेने पडला नाही. कॅप्टन कँपबेलच्या तुकडीने आतल्या तटास शिड्या लावल्या, ती वर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग त्याच दिवशी मारला गेला. आमच्या लेखकांच्या वर्णनांत गडावर पडलेल्या तोफांस रकाने मिळतात, बेनीसिंगास एखादी ओळ, आणि शिडीस काहीच नाही. शिडीला नाव नसते, तिच्यावर लेख कोरलेला नसतो, म्हणून तिची दंतकथा होत नाही. तिच्यावर चढलेल्या आणि तटावरून तिला तोंड दिलेल्या शिपायांचीही मग होत नाही.

लेकच्या पिस्तुलाचा पुढचा इतिहास मौजेचा आहे. १९५५ सालापासून अर्पच्या चरित्रावरील दूरचित्रवाणी मालिकेत ती लांब नळी घरोघर दिसू लागली आणि गिऱ्हाइके ती मागू लागली. तेव्हा ज्या कारखान्याच्या दप्तरात तिचा मागमूस नव्हता, त्याच कोल्ट कारखान्याने १९५७ साली बंटलाइनच्याच नावाने ती बनवून विकावयास काढली.

नौगजीचे काम त्या मानाने सोपे आहे. अकोल्याच्या वा अमरावतीच्या एखाद्या पदवीधराने वनखात्याची परवानगी काढून, सोबत मोजपट्टी घेऊन नरनाळा चढावा आणि जी लांबी भरेल ती इंचांसह छापावी. आकडा नवापेक्षा कमी भरला तरी तो आम्हांस चालेल.