कोष्टकातला गहू

कायद्याची भाषा रुक्ष म्हणून आपण तिच्या वाटेला जात नाही. पण इटलीच्या राष्ट्रपतींचा ९ फेब्रुवारी २००१ चा १८७ क्रमांकाचा आदेश मी आवडीने वाचतो. त्यात ड्युरम गव्हाच्या पिठांचं एक कोष्टक आहे. ओळी चारच, पण दाण्याची सगळी शरीररचना त्यांत मावली आहे.

पहिली ओळ रव्याची, म्हणजे ‘सेमोला’ची: राख जास्तीत जास्त ०.९० टक्के, प्रथिनं कमीत कमी १०.५०. पीठ भट्टीत जाळल्यावर जी खनिजं उरतात ती राख. दाण्याच्या गाभ्यात खनिजं थोडी, कोंड्यात कितीतरी जास्त. म्हणजे हा आकडा विचारतो एवढंच, की दळताना पिठात कोंडा किती उतरला? गंमत अशी की जातं की रोलर, याबद्दल कोष्टक चकार शब्द काढत नाही. तरीही ०.९० म्हटलं की पद्धत जवळपास ठरूनच जाते.

कारण ड्युरम हा गव्हांतला सर्वांत कठीण दाणा. दाणा मऊ करणारी जनुकं गुणसूत्रांच्या ज्या ‘डी’ संचात असतात, तो संचच याच्याकडे नाही. दगडाखाली तो कोंडा, अंकुर, गाभा सगळ्यासकट भरडला जातो. अंकुराचं तेल पिठात उतरतं आणि पीठ लवकर खवट होतं. रोलरची गिरणी वेगळं करते. आधी गहू ओलवायचा, म्हणजे कोंडा चिवट होतो आणि गाभा ठिसूळ. (शेवयांसाठी सपीट काढायचं तर आपल्याकडेही गहू ओलवून, फडक्यात दडपून ठेवतात, ते याच कारणाने.) मग खाचांचे रोलर दाणा फोडून उघडतात आणि गाभा टप्प्याटप्प्याने खरवडतात. पुढे रवा हलत्या चाळण्यांवरून जातो आणि खालून वारा सोडलेला असतो. सुपात पाखडावं तसा हलका कोंडा वर उठतो, जड रवा खाली राहतो. ड्युरमच्या गिरणीचा खरा कस इथे लागतो.

एक बारीक कलम मला फार आवडतं: ०.१८० मिलिमीटरच्या चाळणीतून रव्याचा २५ टक्क्यांहून जास्त भाग खाली पडता कामा नये. कठीण दाणा फार बारीक दळला तर स्टार्चचे कण फुटतात, ते पाणी जास्त ओढतात आणि या रव्याचा पास्ता चिकट होतो. कण लहानमोठे राहिले तर मोठे कण आत कोरडेच राहतात आणि वाळलेल्या पास्त्यावर पांढरे ठिपके दिसतात. कायदा लिहिणाऱ्यांत कुणीतरी पीठ मळलेलं असणार, असं मला उगाचच वाटतं.

दुसरी ओळ ‘सेमोलातो’ची: राख ०.९० ते १.३५. माल कोंड्याकडे सरकलेला, पण प्रथिनांची किमान अट वाढून ११.५०. खालच्या प्रतीला वरची अट कशी? कारण प्रथिनं गाभ्याच्या मध्याकडून बाहेर येताना वाढत जातात. दोन आकड्यांच्या फरकात दाण्याचा आडवा छेद दिसतो.

पुढे मात्र कोष्टक अडखळतं. ड्युरमच्या पिठाला राख १.३६ ते १.७०, अख्ख्या दाण्याच्या रव्याला १.४० ते १.८०. राख १.५० निघाली तर ते रवा काढल्यावर उरलेलं शेपटाकडचं पीठ, की अख्खा दाणा? राख सांगत नाही. कोंडा किती ते तिला कळतं, तो कुठल्या वाटेने आला ते नाही.

सुरक्षिततेबद्दलही हे कोष्टक गप्प आहे. त्यासाठी युरोपचा २००६ चा नियम शेजारी ठेवून वाचावा लागत असे. फुलोऱ्यात पाऊस लागला की ओंबीवर फ्युझेरियम बुरशी धरते, आणि ड्युरम तिला लवकर बळी पडतो. तिचं विष, डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, इतर गव्हाच्या कच्च्या दाण्यात किलोमागे १२५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेतलं होतं, ड्युरमच्या दाण्यात १७५०. सुक्या पास्त्यात मात्र ७५०. (दाण्याच्या मर्यादा पुढे आणखी उतरवल्या गेल्या.) १७५० आणि ७५० यांच्या मधल्या जागेत गिरणी उभी आहे. विष बाहेरच्या थरांत जास्त असतं, म्हणून कोंडा काढला की रवा बराच सुटतो. तांदूळ पॉलिश करण्याच्या तंत्रावरून आलेली यंत्रं हल्ली दाणा फोडण्याआधीच त्याची वरची सालं घासून काढतात, त्याने रवा आणखी स्वच्छ होतो. दाण्याच्या पोटाच्या खाचेत शिरलेली साल मात्र तशीच राहते. आणि गिरणी विष मारत नाही, वाटून देते. रव्यातून गेलेलं कोंड्यात साठतं.

अख्ख्या दाण्याच्या रव्याला ही सोय नाही. तंतू, खनिजं, प्रथिनं पदरात पडतात, पण शेताने सालीवर जे ठेवलं तेही सोबत येतं. १.४० ते १.८० ही ओळ वाचताना गहू कुठल्या शिवारातला आणि फुलोऱ्यात पाऊस किती झाला, हे विचारावंच लागतं, ०.९० च्या ओळीला तो प्रश्न तितका नडत नाही.