पहाडाचे कपाट

दार्जिलिंग, कालिम्पोंग, गंगटोक या गावांतल्या बऱ्यापैकी पुस्तकाच्या दुकानात 'हिमालय' नावाचे एक कपाट असते. त्यात काय असणार हे आत शिरण्यापूर्वीच सांगता येते. जोसेफ हूकरची 'हिमालयन जर्नल्स' (१८५४), रिस्लीच्या प्रस्तावनेचे सिक्कीमचे गॅझेटिअर (१८९४), वॅडेलचे 'अमंग द हिमालयाज' (१८९९). दिल्लीच्या प्रकाशकांनी जुन्या छापावरून पुन्हा काढलेली ही पुस्तके प्रवासी आवडीने घेतात. ती वाईट आहेत असे मुळीच नाही. हूकरने ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातींची जी नोंद केली तिला आजही तोड सापडणे कठीण. पण १८४९ मध्ये त्याला आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल याला सिक्कीमच्या दिवाणाने अडकवून ठेवले आणि त्याची भरपाई म्हणून इंग्रजांनी सिक्कीमची तराई घशात घातली, हेही त्याच प्रवासाचे फलित आहे. ही पुस्तके पहाडाविषयीची आहेत, पहाडातली नव्हेत. दुकानदाराचे पहाडावर प्रेम आहे की पहाडाच्या गिऱ्हाइकावर, हे ओळखायचे तर नजर खालच्या फळीकडे न्यावी लागते.

तिथे नेपाळी, लेपचा आणि भुतिया पुस्तके असतात, आणि बहुधा धूळही. लेपचा भाषेचे व्याकरण १८७६ मध्ये जनरल मेनवेअरिंगने लिहिले. के. पी. तामसांग या लेपचा माणसाने स्वतःच्या भाषेचा मोठा कोश कालिम्पोंगहून काढला तो १९८० मध्ये. मधली शंभर वर्षे लेपचांविषयी सगळे बोलत होते, लेपचा सोडून. आर्थर फोनिंग यांचे 'लेपचा: माय व्हॅनिशिंग ट्राइब' १९८७ चे. शीर्षकातला 'माय' हा शब्द त्या पुस्तकाचे सारे वजन पेलतो. इतिहासाचीही तीच कथा. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात आले त्याची हकिकत सुनंद दत्त-रे यांनी 'स्मॅश अँड ग्रॅब' (१९८४) मध्ये मांडली. ते पुस्तक वर्षानुवर्षे दुकानांत मिळत नव्हते, नवी आवृत्ती आली ती २०१३ मध्ये. ज्या राज्याचा तो इतिहास, त्या राज्याच्या राजधानीत वाचकाने मागितल्यावर 'नाही' म्हणावे लागणे ही पुस्तकविक्रेत्याची खरी बोच असते. समीक्षकाला ती कळत नाही, कारण समीक्षकाकडे कोणी पुस्तक मागायला येत नाही.

गंगटोकचे 'रचना बुक्स' हे दुकान मला या बोचेमुळे महत्त्वाचे वाटते. वडिलांचे दुकान रमण श्रेष्ठ यांनी नव्याने उभे केले, पूर्व हिमालयाविषयीच्या पुस्तकांसाठी ते ओळखले जाऊ लागले, आणि पुढे ते स्वतः प्रकाशकही झाले. पुस्तकविक्रेत्याचे प्रेम जेव्हा पदरचे पैसे घालायला तयार होते तेव्हाच त्याची परीक्षा होते. आपल्याकडे मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोतून पॉप्युलर प्रकाशन उभे राहिले, तोही प्रवास गल्ल्यापासून छापखान्याकडेच. फरक एवढाच की मुंबईच्या दुकानदाराला प्रदेश निवडावा लागला नाही. गंगटोकच्या दुकानदाराला प्रदेश चुकवता येत नाही.

या दुकानाने काढलेले 'साँग ऑफ द सॉइल' हे छुदेन काबिमो यांच्या 'फातसुङ' या नेपाळी कादंबरीचे अजित बराल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर. २०२२ मध्ये जेसीबी पुरस्काराच्या अंतिम पाच पुस्तकांत ते आले. पाचही पुस्तके भाषांतरित होती, आणि मोठमोठ्या प्रकाशनगृहांच्या रांगेत गंगटोकचे हे एक दुकान उभे होते. कौतुक झाले, ते योग्यच. परंतु कौतुकाच्या बऱ्याच मजकुरात 'हिमालयाच्या कुशीतून आलेली' अशा थाटाची वाक्ये होती, आणि तिथे माझी तक्रार सुरू होते.

कादंबरीची सुरुवात बालमित्राच्या मृत्यूच्या बातमीने होते. भूकंपाने दरड कोसळली आहे. निवेदक गावी परततो, आणि आठवणींतून शाळा, उनाडक्या, मित्राचा बेपत्ता बाप आणि त्या बापाच्या पिढीने लढलेली गोरखालँडची लढाई असे एकेक उलगडत जाते. १९८६ च्या जुलैत कालिम्पोंगमध्ये भारत-नेपाळ कराराची होळी करायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १९८८ मध्ये पर्वतीय परिषदेचा करार होईपर्यंत त्या डोंगरांत माणसे पोलिसांच्या हातून मेली तशी शेजाऱ्यांच्या हातूनही मेली. काबिमो यांनी हा इतिहास पुढाऱ्यांच्या बाजूने सांगितलेला नाही. तो अर्धवट समजणाऱ्या पोराच्या कानांवर पडतो, आणि पुढे जुन्या लढवय्याच्या तोंडून येतो तेव्हाही त्यात शौर्यापेक्षा थकवा जास्त आहे. पूर्वार्धातला मिश्कील सूर फार सुरेख. उत्तरार्धात घटनांची गर्दी होते, काही माणसे नुसती मरण्यापुरती येतात असे वाटते, आणि विनोदाने दिलेला श्वास तिथे पुरत नाही. तरीही ज्या चळवळीचा प्रश्न आजही सुटलेला नाही तिच्याविषयी तिच्याच मुलांनी इतक्या निर्भीडपणे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

आता शीर्षक पाहा. 'फातसुङ' हा लेपचा शब्द. 'फात' म्हणजे माती, 'सुङ' म्हणजे कथा. लेपचांच्या परंपरागत कथांना 'लुङतेन सुङ' म्हणतात, तोच हा 'सुङ'. नेपाळीत लिहिलेल्या कादंबरीला लेपचा नाव देणे यात एक भूमिका आहे. गोरखालँडच्या घोषणेखाली ज्या भूमीवर हक्क सांगितला गेला त्या भूमीचे आणखी जुने रहिवासी आहेत, याची आठवण मुखपृष्ठावरच दिली आहे. इंग्रजीत आल्यावर कथेचे गाणे झाले. 'साँग ऑफ द सॉइल' कानाला गोड लागते, अनुप्रासही जमतो. पण कथा ऐकणाऱ्याला 'पुढे काय झाले' असे विचारता येते आणि सांगणाऱ्याला उत्तर देणे भाग असते. गाण्याला कोणी जाब विचारत नाही. या कादंबरीतला मुलगा जन्मभर जाबच विचारतो आहे. एका शब्दाच्या फरकाने पुस्तक वरच्या फळीकडे, हूकरच्या शेजारी सरकले. बराल यांचे भाषांतर एरवी सहज वाहते, म्हणून हे अधिक खटकते.

या सरकण्याशी मराठी वाचकाची जुनी ओळख आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'वर (१९५२) 'प्रादेशिक' ही चिठ्ठी डकवली गेली आणि बापूच्या बंडाइतकीच चर्चा पोफळीच्या बागांची झाली. फणीश्वरनाथ रेणूंनी 'मैला आँचल'ला (१९५४) स्वतःच 'आंचलिक' म्हटले, आणि मग हिंदी समीक्षेने त्या शब्दाची कोठी करून त्यांना तिथेच बसवले. पुस्तकविक्रेत्याला कपाट लागते, ती त्याच्या धंद्याची गरज आहे. गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगावे लागते, 'सिक्कीम, दार्जिलिंग तिकडे.' समीक्षकाला ती गरज नाही. तो तेच बोट दाखवू लागला तर त्याने दुकान टाकावे.

इंद्रबहादुर राई यांचे काय झाले पाहा. दार्जिलिंगच्या या लेखकाची 'आज रमिता छ' ही कादंबरी १९६० च्या दशकातली. मंजुश्री थापा यांचे इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आले. अर्धशतक उलटले, तोवर आपण दार्जिलिंग चहाच्या डब्यावरच वाचत होतो. १९९२ च्या ज्या घटनादुरुस्तीने कोकणी आठव्या अनुसूचीत आली तिनेच नेपाळी आणि मणिपुरीही आल्या. गोव्याच्या माणसाला त्या लढ्याची किंमत सांगावी लागत नाही. नेपाळीच्या बाबतीत मात्र 'ही तर शेजारच्या देशाची भाषा' हे ऐकणे अजून थांबलेले नाही. त्यात गंमत अशी की 'फातसुङ'चे मूळ पुस्तक काठमांडूच्या प्रकाशकाने काढले. लेखनाथ छेत्री यांच्या, त्याच चळवळीवरच्या 'फूलाङ्गे'चेही तसेच. भारतीय नागरिकत्वाच्या दुखण्यातून जन्मलेल्या चळवळीची कादंबरी छापायला सीमा ओलांडावी लागते. म्हणूनच सीमेच्या अलीकडे, गंगटोकमध्ये, तिचे इंग्रजी रूप निघाले याला व्यापारापलीकडचा अर्थ आहे.

मराठीत हे पुस्तक यायला हवे, आणि ते इंग्रजीवरून येऊ नये. इंग्रजीवरून आले तर त्याचे 'मातीचे गाणे' होईल. मराठीत 'माती' या शब्दावर ग्रामीण कवितेने आधीच इतके कढ काढले आहेत की लेपचांच्या मातीला जागा उरणार नाही. नेपाळीवरून करणाऱ्याला लिपीची अडचण नाही, देवनागरीच आहे. 'माटो', 'पहाड', 'घर' हे शब्द मराठी डोळ्यांना लगेच ओळखू येतात. अडेल ते 'ङ' पाशी. आपल्याला हे अक्षर अंकलिपीत भेटते आणि त्यानंतर जवळपास फक्त 'वाङ्मय' या शब्दात. नेपाळीत ते रोजच्या बोलण्यातले आहे. भाषांतरकाराने शीर्षक बदलू नये. 'फातसुङ' असेच छापावे आणि खाली बारीक अक्षरात अर्थ द्यावा, 'मातीची कथा'.