पॅटर्न जनरेटरचे वारसदार

ॲनालॉग व्हिडिओ सिंथेसायझर म्हणजे व्होल्टेजमधून थेट चित्र घडवणारं वाद्य. त्याची सध्याची स्थिती एका वाक्यात सांगायची तर वाद्यं वाढली, वादक वाढले नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एलझेडएक्स इंडस्ट्रीजने हे वाद्य सुट्या मॉड्यूलमध्ये आणलं आणि ‘कॅडेट’ मालिकेतून घरी सोल्डर करण्याची सोयही केली. पण त्यावर निघणारं बरंचसं काम पाहिलं की मॉड्यूलचं प्रात्यक्षिक पाहिल्यासारखं वाटतं. इंद्रधनुषी पट्टे फिरतात, गोल फुगतो, पुढे काही घडत नाही. 1970च्या दशकात शिकागोचे कलावंत डॅन सँडिन यांनी आपल्या ‘इमेज प्रोसेसर’ या व्हिडिओ यंत्राचे आराखडे झेरॉक्सच्या खर्चात कुणालाही दिले. तिथे यंत्र बांधणं हा चित्र शिकण्याचाच भाग होता. आता किट जुळवणं हेच अनेकांचं अंतिम काम झालंय.

आपल्याकडे यंत्र आणि चित्र जोडणारा हा धागा वेगळ्या जागी तुटला. 1969 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये (एनआयडी) मूग सिंथेसायझर आला, पण तो आवाजाचा. त्याच वर्षी मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी कलावंतांसाठी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. नलिनी मालानी यांचं ‘ड्रीम हाउसेस’ तिथलंच. पदमसींचं ‘सिझिजी’ निव्वळ रेषांचं, आजही अवघड वाटणारं काम. दोन्ही फिल्मवर झाली, व्हिडिओवर नाही. तिकडे बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच टीव्ही केंद्राने व्हिडिओ कलावंत नाम जून पाइक आणि अभियंता शुया आबे यांना सिंथेसायझरसाठी दार उघडलं. आपलं मुंबई दूरदर्शन मात्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं ते सरकारी स्टुडिओ म्हणूनच.

मग व्होल्टेजचं चित्र इथे कुणाच्या हातात होतं? टीव्ही मेकॅनिकच्या. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतला, टीव्ही तपासण्याचा पॅटर्न जनरेटर हा मला आपल्याकडचा पहिला व्हिडिओ सिंथेसायझर वाटतो. कलर बार, क्रॉसहॅच, चौकटी, सगळं कॅमेऱ्याशिवाय. चित्र लोळतंय म्हणजे व्हर्टिकल गेला, तिरकं फाटतंय म्हणजे हॉरिझाँटल, हे मेकॅनिकला झाकण न उघडता कळायचं. स्पीकरचं चुंबक पडद्याला लावून जांभळा डाग पाडणाऱ्या पोराने घरी मार खाल्ला. पाइकने 1965 मध्ये तेच केलं आणि ते संग्रहालयात गेलं.

या वाद्याच्या बांधणीचं मर्म रॅम्प मॉड्यूलमध्ये आहे. आपल्या पाल पद्धतीत एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची. कपॅसिटर स्थिर प्रवाहाने भरायचा आणि ओळ सुरू होताना येणाऱ्या प्रत्येक सिंक पल्सला रिकामा करायचा. एवढ्यानेच पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळा ते पांढरा उतार दिसतो. तो दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या कम्पॅरेटरला दिला की उभी कड मिळते. दुसऱ्या बाजूचं व्होल्टेज हलवलं की कड सरकते. ऑडिओतला टीएल072 ऑपॲम्प इथे लावला तर कडा विरघळतात, म्हणून एलएम6172सारखा वेगवान ऑपॲम्प लागतो. आउटपुटला 75 ओहमचा रोध विसरलं की चित्राचा उजळपणा बिघडलाच.

आता यात सूर घाला. पालमध्ये पडदा सेकंदाला 50 वेळा भरतो (50 फील्ड), म्हणून 250 हर्ट्झचा स्वर दिला की पाच आडवे पट्टे जागच्या जागी थांबतात. तो 249वर उतरला की सेकंदाला एक पट्टा सरकतो. तंबोरा जुळवताना कान जे शोधतो ते इथे डोळ्यांना दिसतं. साठ फील्डच्या अमेरिकी यंत्रावर हे आकडे बदलतात. ज्याला तंबोरा आणि टीव्ही दोन्ही जुळवता येतात, अशा माणसाने हे वाद्य हाती घ्यावं. किटच्या प्रात्यक्षिकांपेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

अडचण पडद्याची आहे. यवतमाळचा दुर्गोत्सव रोषणाईसाठी नावाजलेला, पण तिथल्या एलईडी वॉलला एचडीएमआय लागतं. मधला कन्व्हर्टर सिंक जरा डगमगला की चित्र सोडतो आणि सगळं काळं होतं. जुना डबा टीव्ही असला वाकडा सिग्नल सहन करायचा, किंबहुना त्यातूनच त्याची मजा होती. ते डबे मात्र आता भंगारात किलोच्या भावाने जातात. तेव्हा इथे कुणी सुरुवात करणार असेल तर आधी 625 ओळींचा चोख सिंक जनरेटर बांधावा, वाकडेपणा नंतर. आणि पिक्चर ट्यूब शाबूत असलेले दोन टीव्ही बाजूला काढून ठेवावेत.