आगकाड्यांची भूमिति

श्री. अरविंद गुप्ता यांचें आगकाड्यांच्या प्रतिकृतींवरील छोटेखानी इंग्रजी पुस्तक १९८७ सालीं ‘एकलव्य’ संस्थेनें प्रसिद्ध केलें. कानपूरच्या आय. आय. टी.चे हे पदवीधर १९७८ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांत गेले, त्या अनुभवाचें हें फळ. पुढें पुण्याच्या ‘आयुका’मध्यें त्यांनीं मुलांसाठीं दीर्घकाळ काम केल्यामुळें महाराष्ट्रीय वाचकांस त्यांचा परिचय नव्यानें करून द्यावयास नको.

सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बारीक तुकडे कापावयाचे आणि गूल खरवडलेल्या काड्या त्यांत खोंचावयाच्या, एवढेंच भांडवल! तीन काड्यांचा त्रिकोण चिमटींत दाबून पाहा. तो आकार सोडीत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागतांच कलंडतो, आणि त्यास कर्णाची काडी मिळाली कीं पुन्हा ताठ होतो. छपरास कैची कां घालतात, याचें उत्तर येथें मुलाच्या बोटांना मिळतें. आमच्या पिढीनें युक्लिडचे सिद्धांत धडाधड म्हणून दाखविले. परंतु त्रिकोण बळकट असतो, हें त्यांतील कितीजणांस ठाऊक होतें?

पुस्तकांत एक उणीव आम्हांस जाणवते. कृति इतक्या नेमक्या सांगितल्या आहेत कीं, आज्ञाधारक मूल सगळ्या प्रतिकृति बिनचूक करील आणि स्वतःची एकही करणार नाहीं. ‘आतां यापुढें तूं काय करशील?’ हा प्रश्न ठिकठिकाणीं छापावयास हवा होता.

सुशिक्षित पालक या पुस्तकाकडे ‘गरिबांच्या शाळांची सोय’ म्हणून पाहतात, तें मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आगकाडीचें स्वस्तपण ही सोय नसून पद्धतीचा प्राण आहे. बाजारांतून आणलेल्या महागड्या विज्ञानपेटींतील एखादा भाग मोडला, तर आई रागावते, वडील किंमत सांगतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पेटी कपाटावर जाऊन बसते (पाहुणे आले म्हणजे तेवढी खालीं उतरते!). पन्नास आगकाड्या मोडल्या तर कोणाच्या कपाळावर आठी पडत नाहीं. म्हणून एकावन्नावी काडी मूल निर्भयपणें, भलत्याच ठिकाणीं, खोंचून पाहतें. आमच्या घरांतून खेळणीं थोडीं नाहींत. बिघडविण्याची परवानगी असलेलीं किती आहेत, तें पालकांनींच आज घरीं मोजून पाहावें.