सरकता पट आणि 'मागे-पुढे'चे व्याकरण

जळगावहून धुळ्यास निघालेल्या एस.टी.तील उतारू "एरंडोल आले", "पारोळा आले" असे सहज म्हणतात. वस्तुतः गावे आपल्या जागी असतात. येत असतात ते उतारूच. तथापि या बोलण्यात कोणास विसंगती जाणवत नाही. बोलणारा स्वतःस स्थिर मानतो आणि गती भोवतालास बहाल करतो, एवढाच याचा अर्थ. द्विमितीय व्हिडिओ गेममधील सरकत्या पटाची रचना नेमकी याच कल्पनेवर उभी आहे. नायक धावत असतो, परंतु पडद्याच्या काचेवर पाहू गेल्यास तो बहुतेक वेळ जागच्या जागीच आढळतो. वाहते ती जमीन. 'मून पॅट्रोल' (1982) या खेळात दूरचे डोंगर सावकाश आणि जवळची भूमी वेगाने सरकू लागली, तेव्हा एस.टी.च्या खिडकीतील दृश्य जवळजवळ पूर्ण झाले.

या विषयावरील चर्चा आजवर प्रामुख्याने खेळ रचणाऱ्यांनी केली आहे. तीत इताय केरेन यांनी 2015 मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये केलेले विवेचन महत्त्वाचे मानले पाहिजे. कॅमेरा नायकाशी जखडलेला आहे, की नायकास मोकळीक देणाऱ्या एका चौकटीत बांधलेला आहे, तो उडीबरोबर वर उचलला जातो की नायकाचे पाय फळीवर टेकेपर्यंत थांबतो, असे अनेक प्रकार त्यांनी वेगळे केले. लक्ष, नियंत्रण आणि डोळ्यांना वाटणारी स्वस्थता या तीन कसोट्यांवर त्यांनी ते पारखले. वर्गीकरण म्हणून हे काम चोख आहे. परंतु या तिन्ही कसोट्यांत खेळणारा हा केवळ पाहणारा डोळा व बटण दाबणारा हात म्हणून येतो. त्यास काही भूतकाळ आहे, हे त्यांत कोठेच धरलेले नाही. आणि आमच्या मते या रचनेचा खरा अर्थ तेथेच आहे.

1985 च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'चे उदाहरण घ्यावे. यातील पट केवळ उजवीकडे सरकतो. एकदा डाव्या कडेबाहेर गेलेली जमीन पुन्हा दिसत नाही. मारियो मागे वळू शकतो, पण पडद्याची डावी कड भिंतीसारखी उभी राहते. मराठीत 'मागे' हा शब्द स्थळास लागतो तसाच काळासही लागतो. "घरामागे विहीर आहे" आणि "मागे एकदा पूर आला होता" या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. या खेळात शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकमेकांत पूर्णपणे मिसळून जातात. जे स्थळाने मागे पडले ते काळानेही गेले. राहिलेले नाणे राहिलेच. पुढे मात्र मौज अशी की, चौथ्या व सातव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यांत वाट चुकली तर तीच ओवरी पुन्हा समोर येते. कॅमेरा तसूभरही मागे गेलेला नसतो. उजवीकडेच चालत राहून मनुष्य मागे पडतो. खेळाने हा पुनरावृत्तीचा दंड आपल्या व्याकरणाचा नियम न मोडता दिला आहे, हे विशेष.

ही एकमार्गी चाल यंत्राच्या दुबळेपणातून आली, असे कोणी म्हणेल. त्या यंत्राच्या चित्रस्मृतीत मूळची जागा दोन पडद्यांपुरतीच होती आणि समोर येणारे उभे पट्टे दृष्टीआड आगाऊ मांडावे लागत, हे खरेच. परंतु त्याच यंत्रावर 1988 मध्ये आलेल्या तिसऱ्या मारियोत डावीकडे खुशाल परतता येते. त्या कॅसेटमध्ये अधिकची चिप होती हे मान्य करूनही, मागे फिरणे यंत्रास अशक्य होते असे म्हणता येत नाही. तिसरा खेळ अधिक ऐसपैस आणि समृद्ध आहे याबद्दल वाद नाही. पहिल्यातील ती कठोर निकड मात्र त्यात उरलेली नाही. ती परत आणण्यासाठी रचनाकारांना हवेतील जहाजांच्या टप्प्यांत पट आपोआप सरकवावा लागला.

याच्या उलट टोकाची रचना आपल्या अगदी शेजारी आहे. जळगावपासून सुमारे 60 कि.मी. अंतरावरील अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, सिंहलावदानाचे प्रचंड चित्र आहे. राक्षसिणींच्या बेटावर अडकलेला व्यापारी, त्यास सोडविणारा घोडा, राजवाड्यातील अनर्थ आणि अखेरची हत्ती-नावांची स्वारी हे सारे त्यात आहे. पण प्रसंग काळाच्या ओळीने मांडलेले नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांत प्रसंगांची जुळणी काळापेक्षा स्थळाच्या आधारे होते, हे डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखविले; विद्या देहेजिया यांनी अशा मांडणीस जाळ्याची उपमा दिली. येथे कॅमेरा म्हणजे पाहणाऱ्याचे पाय. तो हवा तेव्हा परततो आणि राजवाडा त्याची वाट पाहत तेथेच असतो. अर्थात, परतता येते म्हणून भित्तिचित्र श्रेष्ठ, असा निवाडा आम्ही देत नाही. भिंतीवर स्थळ टिकते, म्हणून काळ विसकटला तरी चालतो. 1985 च्या पडद्यावर काळ सरळ राहतो, कारण स्थळ नष्ट होत जाते.

या दोहोंच्या मधली एक रचना 'डिफेंडर' (1981) मध्ये आढळते. तेथे विमानाचे तोंड ज्या दिशेस, त्या दिशेचा प्रदेश अधिक दिसतो. विमान वळले की ते पडद्याच्या दुसऱ्या बाजूस सरकते आणि जे मागे होते ते पुढे होते. मराठीतील 'परवा' हा शब्द असाच आहे. "परवा आला" आणि "परवा येईल" यांत दिवस कोणता, हे क्रियापदाच्या तोंडावरून ठरते.

आतापर्यंत एकाच खेळणाऱ्याचा विचार केला. दोघे खेळू लागले की प्रश्न अवघड होतो, कारण पडदा एकच असतो. 1990 च्या दशकात भारतातील लहानमोठ्या शहरांत निन्टेंडोच्या नकली संचांवर घरोघरी खेळला गेलेला 'काँट्रा' याचा उत्तम नमुना आहे. त्याच्या धबधब्याच्या टप्प्यात पट वर सरकतो आणि पडद्याची खालची कड प्राणघातक ठरते. एक भाऊ भराभर वर चढला की दुसऱ्याच्या पायाखालची फळी पडद्याबाहेर जाते व तो मरतो. शत्रूची गोळी लागलेली नसते. सोबत्याची घाई लागलेली असते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे: 'आपण' म्हणताना ऐकणाऱ्यास सामील करून घेतले जाते. 'काँट्रा'चा कॅमेरा दोघांना एका 'आपण'मध्ये बांधतो, पण त्या 'आपण'चा कर्ता जो पुढे असेल तोच होतो. अशा वेळी "थांब" हा एकच शब्द खोलीत ऐकू येतो, आणि तो पडद्याबाहेरून उच्चारावा लागतो. खेळाच्या रचनेत त्यास जागा नाही.

1992 च्या दुसऱ्या 'सॉनिक'ने यावर दोन उपाय योजले. शर्यतीसाठी पडदा आडवा दुभागला. तेव्हा 'आपण'चे दोन 'मी' झाले. मुख्य खेळात मात्र कॅमेरा सॉनिककडेच ठेवला, आणि त्याचा सोबती टेल्स मागे राहिलाच तर तो उडत येऊन त्यास गाठतो. तो मरत नाही आणि सॉनिकला खोळंबूनही ठेवत नाही. धाकट्या भावाच्या हाती दुसरा कंट्रोलर देण्याची सोय यामुळे झाली; पण पट कोठवर सरकावा हे ठरविण्यात त्याचा वाटा काहीच राहिला नाही.