यवतमाळचा वकील आणि महानुभावांच्या पोथ्या

स्वतंत्र संशोधक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पीएचडी सोडलेला कुणीतरी हुशार मुलगा येतो, नाहीतर स्टार्टअपवाला. यवतमाळकडे याहून जुना नमुना आहे. य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक १९२५ साली इथूनच निघालं. देशपांडे पेशाने वकील. नागपूर विद्यापीठ सुरू झालं १९२३ मध्ये. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात जुन्या गद्याचा हिशोब मांडायला विदर्भात विद्यापीठ नुकतंच कुठे उभं राहत होतं, आणि इकडे एक वकील ते काम करून मोकळा झाला.

पण याचा ‘एकटा लढला’ छाप किस्सा करू नये. या पोथ्या मठांमध्ये होत्या, आणि बऱ्याचशा सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये. त्या लिपीची किल्ली आधी वि. का. राजवाड्यांनी शोधली होती. पोथी हातात मिळायची तर महंतांचा विश्वास लागे. यवतमाळचं शारदाश्रम पाठीशी होतं. तेव्हा ‘स्वतंत्र’ याचा अर्थ एवढाच, की घर संशोधनावर चालत नव्हतं. माणसं तर पावलोपावली लागत होती.

पुस्तकाचं खरं धाडस मला त्याच्या नावात दिसतं. पंथाच्या लोकांसाठी ‘लीळाचरित्र’ म्हणजे चक्रधरांची आठवण, श्रद्धेचा ग्रंथ. देशपांडे त्या परंपरेला ‘मराठी वाङ्मय’ म्हणतात आणि ती सगळ्या मराठी वाचकांची करून टाकतात. आपल्याला यात फायदाच झाला. पण ज्यांनी सातशे वर्षं ती जपली, त्यांचा हक्क या शब्दात थोडा पातळ होतो. हा ताण पुढे मिटला नाही. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती काढली, तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आलेच.

कोलते प्राध्यापक होते, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मूळ पोथी हरवलेली, आठवणीतून पुन्हा उभे केलेले पाठ एकमेकांशी न जुळणारे. ते समोरासमोर ठेवून ताडून बघायचं काम संथ असतं, त्याला संस्थेचा आधार लागतो. एकट्या माणसाचा आढावा नकाशा देतो, पण जमिनीची मोजणी मागे राहते. ही देशपांडे यांच्या कामाची मर्यादा, आणि ती मान्य केल्याने त्यांचं मोल कमी होत नाही.

खरं तर या सगळ्यांच्या आधी म्हाइंभट होते. तेराव्या शतकात त्यांनी शिष्यांना गाठून आठवणी जमवल्या, आणि परंपरेने एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी ‘वासना’ म्हणून टिकवल्या. मी दिवसा कोड लिहितो. आमच्याकडे यासाठी गिट आहे. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले असते, तर पुढच्या माणसाला तपासायला काही उरलं नसतं.

आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या कुणी १९२५ चं हे पुस्तक पोथ्यांशी ताडून दुरुस्त केलं, तर त्या वकिलाचा तो सगळ्यात चांगला सन्मान ठरेल.